स्लो कुकरमधले पुल्ड पोर्क आणि शेवटी घालायचा व्हिनेगर

स्लो कुकर, म्हणजे विजेवर तासन्‌तास मंद शिजवणारे झाकणाचे भांडे, मांस मऊ करण्यात अत्यंत तरबेज आहे. मात्र त्याला मांस भाजता येत नाही, धूर देता येत नाही आणि सुटलेला रस आटवताही येत नाही. घरी केलेले पुल्ड पोर्क, म्हणजे मऊ शिजवून तंतू सुटे केलेले डुकराचे मांस, बरेचदा उकडलेल्या मांसावर बाटलीतला गोड सॉस ओतल्यासारखे लागते, त्याचे कारण नेमके येथे आहे. बहुतेक पाककृतींत सगळे जिन्नस एकदम भांड्यात घालून आठ तासांनी झाकण उघडायला सांगितलेले असते. मला ही पद्धत पटत नाही. मऊपणाचे काम कुकरवर निर्धास्तपणे सोपवावे आणि उरलेली कामे त्याच्या आधी आणि नंतर आपण स्वतः करावीत, असे माझे ठाम मत आहे. तसे केले की घरच्या ओट्यावरही मनापासून खावे असे पोर्क तयार होते.

मी अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायनात राहते आणि या राज्यात हा विषय अतिशय गांभीर्याने घेतला जातो. राज्याच्या पूर्व भागात अख्खे डुक्कर निखाऱ्यांवर रात्रभर भाजतात आणि त्याला फक्त व्हिनेगर, मीठ आणि मिरचीचा पातळ सॉस लावतात. एडन या छोट्या गावातील ‘स्कायलाइट इन’ हे १९४७ पासून चालत आलेले खानावळवजा ठिकाण या पद्धतीसाठी प्रसिद्ध आहे. पश्चिमेकडे, पीडमाँट भागातील लेक्सिंग्टन गावाच्या आसपास, अख्ख्या जनावराऐवजी केवळ खांदे भाजले जातात आणि व्हिनेगरच्या सॉसमध्ये थोडे टोमॅटो केचप येते. तेथे १९६२ मध्ये सुरू झालेले ‘लेक्सिंग्टन बार्बेक्यू’ आजही हिकरी आणि ओक या झाडांच्या लाकडाच्या निखाऱ्यांवर काम करते. शेजारच्या साउथ कॅरोलायनाच्या मध्य भागात मोहरीचा पिवळा सॉस चालतो, तर दूरच्या कॅन्सस सिटीत टोमॅटो आणि काकवीचा दाट, गोड सॉस. दुकानांतून बाटलीबंद मिळणारा बार्बेक्यू सॉस बहुतांशी या शेवटच्या वळणाचा असतो आणि त्यामुळे पुल्ड पोर्क म्हणजे गोडच पदार्थ, असा समज दूरवर पसरला आहे.

या साऱ्या परंपरेचा पाया दक्षिणेतील कृष्णवर्णीय आचाऱ्यांच्या श्रमांवर उभा आहे, हे येथे नोंदवणे मला आवश्यक वाटते. गुलामगिरीच्या काळात खड्डे खणणे, लाकडे जाळून निखारे करणे, रात्रभर जागून मांस उलटणे आणि त्यावर सॉसचा हात फिरवणे ही कामे त्यांच्याकडेच होती आणि हे कौशल्य त्यांनीच पिढ्यान्‌पिढ्या जपले. साउथ कॅरोलायनातील रॉडनी स्कॉट यांना २०१८ मध्ये जेम्स बीअर्ड हा पाककलेतील मानाचा अमेरिकी पुरस्कार मिळाला, तेव्हा अख्खे डुक्कर भाजण्याच्या या कलेला मोठ्या स्वयंपाकघरांच्या बरोबरीचा मान मिळाला.

निखाऱ्यांवरच्या भाजणीत नेमके काय घडते, हे समजून घेतले तर घरी काय करायचे ते आपोआप स्पष्ट होते. उघड्या, कोरड्या उष्णतेत मांसाच्या पृष्ठभागावरचे पाणी सतत उडून जाते. हे बाष्पीभवन इतके जोरदार असते की आतले तापमान ६५ ते ७५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान कित्येक तास अडून बसते, कारण मिळालेली उष्णता पाणी उडवण्यातच खर्ची पडते. या काळात बाहेरची बाजू वाळते, काळपट होते आणि तिच्यावर खमंग साल धरते. वितळलेली चरबी निखाऱ्यांवर पडून तिचा धूर पुन्हा मांसाला लागतो. लेक्सिंग्टनला जाणकार गिऱ्हाईक मागणी नोंदवताना ‘आउटसाइड ब्राउन’, म्हणजे बाहेरचे काळपट तुकडे मुद्दाम मागून घेते, यावरून त्या सालीचे मोल कळावे. स्लो कुकरमध्ये याच्या नेमके उलट घडते. झाकणाखाली वाफ कोंडलेली असल्याने पाणी उडत नाही, तापमान कोठेही अडत नाही, पण सालही धरत नाही आणि मांस स्वतःच्याच पाण्यात बसून राहते.

हा कुकर मुळात मांसासाठी घडवलेलाही नव्हता. अर्व्हिंग नॅक्सन या संशोधकाने १९३६ मध्ये त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९४० मध्ये ते त्याला मिळाले. त्याच्या आईने त्याला लिथुआनियातील आपल्या गावची एक रीत सांगितली होती. शब्बाथच्या, म्हणजे ज्यूंच्या साप्ताहिक विश्रांतीच्या दिवसाच्या, आदल्या संध्याकाळी घेवडा, धान्य आणि मांस यांचे ‘चोलंट’ नावाचे कालवण गावच्या भट्टीत ठेवून द्यायचे आणि विझत जाणाऱ्या भट्टीच्या उबेवर ते दुसऱ्या दिवसापर्यंत शिजत राहायचे. नॅक्सनचे यंत्र ‘बीनरी’ या नावाने घेवड्यासाठी विकले गेले. पुढे १९७० मध्ये रायव्हल कंपनीने त्याचा व्यवसाय विकत घेतला आणि १९७१ मध्ये ‘क्रॉक-पॉट’ बाजारात आणला. नोकरीवर जाणाऱ्या स्त्रियांना सकाळी भांडे लावून संध्याकाळी तयार जेवण मिळू लागले, म्हणून तो घरोघरी पोहोचला. हा इतिहास लक्षात ठेवला की यंत्राकडून अपेक्षा योग्य राहतात: चिवट जिन्नस दीर्घकाळ, ओल्या आणि मंद उष्णतेत शिजवणे हेच त्याचे काम आहे.

म्हणूनच मांसाची निवड चुकवून चालत नाही. डुकराचा खांदा घ्यावा. अमेरिकेत खांद्याचा वरचा भाग ‘बॉस्टन बट’ या नावाने आणि खालचा, पायाकडचा भाग ‘पिकनिक’ या नावाने विकला जातो. दोन्ही चालतात, पण वरच्या भागात चरबीच्या रेषा मांसात चांगल्या मिसळलेल्या असतात आणि त्यावर कातडी नसते, त्यामुळे मी तोच पसंत करते. हाड असलेला तुकडा मिळाल्यास उत्तम, कारण मांस झाले की नाही हे हाड सर्वांत प्रामाणिकपणे सांगते. पाठीचे बिनचरबीचे मांस, म्हणजे लॉइन, दिसायला देखणे असले तरी या कामी निरुपयोगी ठरते. दिवसभर चालणारा खांदा सतत राबणारा स्नायू असल्याने त्यात कोलॅजेन हे चिवट प्रथिन भरपूर असते. हेच कोलॅजेन मंद उष्णतेत वितळून जिलेटिन बनते आणि तंतूंना तो चिकटसर, रसरशीत ओलावा देते. लॉइनमध्ये वितळण्यासारखे काही नसल्याने त्याचे केवळ कोरडे धागे होतात.

दोन किलोंचा हाडासह तुकडा आठ जणांना पुरतो, कारण हाड आणि वितळलेली चरबी वजा जाता निम्म्याहून थोडे अधिक मांस हाती येते. त्याचे दोन किंवा तीन मोठे तुकडे करावेत. त्यामुळे मांस लवकर तापते आणि भाजण्यासाठी पृष्ठभागही वाढतो. मीठ आदल्या रात्रीच लावावे. मी मांसाच्या वजनाच्या सुमारे दीड टक्का, म्हणजे दोन किलोंना साधारण ३० ग्रॅम मीठ घेते आणि त्यात दोन मोठे चमचे ब्राउन शुगर, दोन मोठे चमचे पॅप्रिका (सौम्य लाल मिरचीची पूड), एक मोठा चमचा भरड काळी मिरी, एक लहान चमचा मोहरीची पूड आणि एक लहान चमचा लसणाची पूड मिसळते. मसाला सगळीकडून चोळून तुकडे फ्रिजमध्ये न झाकता ठेवावेत. रात्रभरात मीठ आतपर्यंत उतरते आणि वरची बाजू कोरडी होते. मीठ शेवटी वरून घातले तर ते केवळ रसाला लागते आणि जाड तुकड्यांचा गाभा अळणी राहतो.

सकाळी बिडाचा जाड तवा चांगला तापवून प्रत्येक बाजू खरपूस होईपर्यंत मांस परतावे. साखर असल्यामुळे आच मध्यमच ठेवावी, नाहीतर मसाला करपून कडवट होतो. मांसाला तपकिरी रंग आणि भाजल्याचा वास देणाऱ्या क्रिया सुमारे १४० अंशांच्या वर वेगाने घडतात, आणि पाणी असेपर्यंत कुकरमधले तापमान १०० च्या वर जाऊच शकत नाही. म्हणजे हा स्वाद कुकरमध्ये कितीही तास घालवले तरी निर्माण होणार नाही. मांस काढून घेतल्यावर त्याच तव्यात दोन उभे चिरलेले कांदे परतावेत, अर्धी वाटी सफरचंदाचा रस किंवा साधे पाणी घालून तळाला लागलेला मसाला खरवडून घ्यावा आणि हे सगळे कुकरच्या तळाशी ओतावे. त्यावर मांस रचावे. याहून अधिक पाणी घालू नये. खांद्याच्या अंगचेच इतके पाणी सुटते की शेवटी तुकडे अर्धे बुडालेले दिसतात, आणि त्या रसाला पुन्हा पाजलेले पाणी म्हणजे आपणच पातळ केलेली चव होय.

त्यानंतर कुकर ‘लो’वर लावून आठ ते दहा तास झाकण उघडू नये. बहुतेक कुकरांत ‘लो’ आणि ‘हाय’ ही दोन्ही बटणे अखेरीस जवळजवळ एकाच तापमानाला पोहोचतात. फरक तेथवर जायला लागणाऱ्या वेळेचा असतो. ‘हाय’वर पाच-सहा तासांत मांस होते आणि घाई असेल तर त्यात गैर काही नाही, पण सावकाश तापलेल्या मांसात कोलॅजेन विरघळायला अवधी मिळतो आणि तंतू कमी आवळतात. गोठलेला तुकडा मात्र थेट कुकरमध्ये कधीही टाकू नये. ४ ते ६० अंशांच्या दरम्यान जिवाणू झपाट्याने वाढतात आणि गोठलेला जाड तुकडा त्या टप्प्यात फार काळ रेंगाळतो. तो आधी फ्रिजमध्ये पूर्ण सुटू द्यावा.

मांस झाले हे घड्याळ पाहून ठरवू नये. अमेरिकी कृषी खात्याच्या नियमानुसार डुकराचे अखंड मांस ६३ अंशांना पोहोचून तीन मिनिटे थांबले की खाण्यास सुरक्षित असते. मात्र त्या तापमानाचा खांदा रबरासारखा चिवट लागतो. तंतू सहज सुटण्यासाठी आतले तापमान ९३ ते ९६ अंशांपर्यंत जावे लागते. थर्मामीटर नसेल तर हाड धरून हलके ओढावे. ते स्वच्छ निघून आले की काम झाले. न निघाल्यास आणखी तासभर द्यावा. अनेकजण या टप्प्यावर मांस ‘जास्त शिजून चिवट झाले’ असे समजतात, वास्तविक ते कमी शिजलेले असते.

धुराच्या बाबतीत मी दोन मार्ग वापरते. पॅप्रिका धुरावलेली घेतली तर अर्धे काम तेथेच होते; जोडीला हिकरीचा धूर पाण्यात उतरवून केलेला द्रवरूप धूर मिळतो, त्याचा अर्धा लहान चमचा दोन किलोंना पुरे होतो. अनेक जण त्याला कृत्रिम म्हणून नाक मुरडतात, पण तो खऱ्या लाकडाच्या खऱ्या धुरापासूनच केलेला असतो. प्रमाण वाढले की मात्र औषधासारखा वास येतो. दुसरा मार्ग आपल्याकडच्या धुंगाराचा आहे. सोडवलेल्या मांसात मधोमध एक छोटी वाटी ठेवून तिच्यात लालभडक निखारा ठेवावा, त्यावर तुपाऐवजी याच मांसाची वितळलेली चरबी चमचाभर सोडावी आणि पाच मिनिटे घट्ट झाकावे. चरबी निखाऱ्यावर पडून होणारा धूर हा लेक्सिंग्टनच्या भट्टीतल्या धुराच्या फार जवळ जातो. कोळसा साधा लाकडी घ्यावा, चटकन पेटण्यासाठी रसायन लावलेला घेऊ नये, आणि खिडक्या उघड्या ठेवाव्यात.

आता रसाकडे वळते, कारण सर्वाधिक चव तेथे अडकलेली असते आणि बहुतेक घरांत तीच मोरीत ओतली जाते. मांस बाहेर काढून वीस मिनिटे झाकून ठेवावे. तोवर रस गाळून उंच भांड्यात स्थिर होऊ द्यावा आणि वरचा चरबीचा तवंग पळीने काढून वेगळा ठेवावा. खालचा तपकिरी रस पसरट पातेल्यात मोठ्या आचेवर निम्म्याहून कमी होईपर्यंत आटवावा. पंधरा-वीस मिनिटांत तो पळीला धरू लागतो. ते त्यातले जिलेटिन. आटताना खारटपणाही वाढतो, म्हणून चाखत राहावे आणि मनासारखा झाला की थांबावे. त्यानंतर दोन काट्यांनी मांस सोडवावे. अगदी बारीक धागे करू नयेत, बोटाएवढे लांब तुकडे राहू द्यावेत, कारण फार पिंजलेले मांस लगेच थंड आणि कोरडे होते. चरबीचे मोठे गोळे काढून टाकावेत, आटवलेला रस थोडा थोडा घालत मांसाने तो शोषून घेईपर्यंत हलवावे.

ज्यांच्याकडे ओव्हन आहे त्यांनी येथे आणखी एक पायरी अवश्य करावी. रसात भिजलेले मांस ट्रेमध्ये पातळ पसरून, वेगळ्या ठेवलेल्या चरबीचे दोन चमचे वरून शिंपडून, ब्रॉइलरखाली, म्हणजे ओव्हनच्या वरच्या बाजूच्या तीव्र आचेखाली, पाच ते सात मिनिटे धरावे. टोके काळपट आणि कुरकुरीत होतात, आतला भाग ओला राहतो. सकाळी तव्यावर मिळवलेला रंग दिवसभराच्या वाफेत मवाळ झालेला असतो, तो येथे परत मिळतो. निखाऱ्यांवरची साल ती नव्हे हे मी मान्य करते, तरी मांस खाताना दाताखाली काही तरी वेगळे यायला हवे, ही गरज ती नक्की पूर्ण करते.

आणि मग व्हिनेगर. एक वाटी सफरचंदाचा व्हिनेगर, एक मोठा चमचा ब्राउन शुगर, एक लहान चमचा मीठ, एक लहान चमचा भरड लाल मिरची आणि अर्धा चमचा काळी मिरी एका बाटलीत घालून साखर विरघळेपर्यंत हलवावे. शिजवायची गरज नाही, मात्र आदल्या दिवशी केल्यास मिरचीचा तिखटपणा नीट उतरतो. लेक्सिंग्टनची चव हवी असेल तर दोन चमचे केचप घालावे. हा सॉस कुकरमध्ये घालू नये. दहा तासांत त्याची धार बोथट होते आणि उरतो तो नुसता आंबूसपणा. तो वाढायच्या आधी पाच मिनिटे घालावा. दोन किलोंच्या मांसाला अर्धी वाटी पुरते, उरलेला ताटाशेजारी ठेवावा. चरबी आणि जिलेटिन जिभेवर थर धरतात आणि चार घासांनंतर जेवण जड वाटू लागते. आंबटपणा तो थर कापतो, म्हणून पाचवा घासही पहिल्याइतकाच चवदार लागतो.

माझे माहेर वसईचे असल्याने डुकराच्या मांसाला आंबटाची जोड लागते, हे मला येथे आल्यावर शिकावे लागले नाही. पोर्तुगीजांनी १७३९ पर्यंत वसईवर राज्य केले. मांस वाइनचा व्हिनेगर आणि लसूण यांत मुरवून ठेवण्याची त्यांची रीत या किनाऱ्यावर रुजली. गोव्यात तिने माडाच्या सुरेपासून केलेला व्हिनेगर स्वीकारला आणि मुंबई-वसईकडच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांत तिचे इंदियाल हे कालवण झाले, ज्याचा मसालाच मुळी व्हिनेगरमध्ये वाटतात. आमच्या घरी इंदियाल नेहमी आदल्या दिवशी होत असे, कारण आई ते त्याच दिवशी वाढायला तयार नसे. तेथे व्हिनेगर आधी मुरतो, येथे तो शेवटी येतो, आणि दोन्ही ठिकाणी तो चरबीवर तेच काम करतो. गोव्याहून आणलेला सुरेचा व्हिनेगर मी कॅरोलायनाच्या या सॉसमध्ये निम्मा घालून पाहिला आहे. सफरचंदाच्या व्हिनेगरपेक्षा तो सौम्य आणि किंचित गोडसर लागतो आणि या मांसाला फार शोभतो.

वाढताना मऊ, साधा पाव पुरेसा आहे. सोबत कोबीची कोशिंबीर हवीच. लेक्सिंग्टनला तीही मेयोनीजऐवजी व्हिनेगर आणि केचप घालून लालसर करतात आणि पावातच भरतात. गोड, दाट सॉस ज्यांना आवडतो त्यांनी तो जरूर घ्यावा, पण वरून आणि आपल्या हाताने.

वसई, वांद्रे किंवा गोव्याच्या बाजारात खांदा बहुधा कातडीसह लहान तुकडे करून दिला जातो, म्हणून विक्रेत्याला अखंड तुकडा ठेवायला आधीच सांगावे आणि कातडी काढून घ्यावी. स्लो कुकर नसेल तर जाड बुडाच्या, घट्ट झाकणाच्या भांड्यात १४० अंशांच्या ओव्हनमध्ये चार ते पाच तासांत हेच काम होते. प्रेशर कुकरमध्ये मोठे तुकडे एका शिटीनंतर मंद आचेवर पन्नास मिनिटे ते तासभर ठेवावेत आणि वाफ आपोआप जिरू द्यावी. त्यात मांसाचे तंतू थोडे अधिक आवळतात, पण बाकीच्या पायऱ्या तशाच केल्या तर फरक फारसा जाणवत नाही. उरलेले मांस दोन तासांच्या आत, उथळ डब्यांत, रसासकट फ्रिजमध्ये ठेवावे. ते तीन-चार दिवस, तर फ्रीजरमध्ये दोन-तीन महिने उत्तम राहते. गरम करताना तव्यावर त्याच चरबीत एक बाजू खरपूस होऊ द्यावी, मांस पूर्ण तापवावे आणि गॅस बंद केल्यावर व्हिनेगरचा सॉस पुन्हा चमचाभर घालावा, कारण पहिल्या दिवशीचा आंबटपणा एव्हाना मांसात विरलेला असतो.